भिंतीचं विरजण

यल्लव्वा अलकुंटेनं चाळीस वर्षं दगड फोडला, आणि बासष्टाव्या वर्षी तिच्याच हाताखाली दगड उगवायला लागला.

आधी तिला ते पटलंच नव्हतं. दगड म्हणजे काय मेथी आहे, पेरली आणि आली? पण रेश्मा मुजावर, विड्या वळणाऱ्या बाईची लेक, शिकून कॉलेजात जंतूंची डॉक्टर झालेली, एके दिवशी सोलापूरच्या त्या उड्डाणपुलाखाली आली आणि सरळ पोत्यावर मांडी घालून बसली. शिकलेली माणसं पुलाखाली आली की उभ्यानंच बोलतात, कपड्यांना धूळ लागते ना. ही बसली, म्हणून यल्लव्वानं तिला पाणी तरी दिलं. रेश्मानं पिशवीतून एक गाडगं काढून पुढ्यात ठेवलं.

"मावशी, यात विरजण आहे."

"दह्याचं?"

"भिंतीचं."

पुलाखाली साठ कुटुंबं राहत होती. त्या साठ कुटुंबांत असा हशा पिकला की वरून धावणाऱ्या बिनड्रायव्हरच्या ट्रकांचा आवाजसुद्धा घटकाभर दबला.

रेश्मा हसू ओसरेपर्यंत थांबली. मग तिनं सांगितलं ते असं. मातीत एक जंतू असतो, डोळ्याला दिसत नाही. शेतात टाकतात तो युरिया हे त्याचं खाणं. युरिया खाताना त्याला चुन्याचं पाणी मिळालं, तर तो आपल्या अंगाभोवती चुनखडी धरतो. किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तसाच. लाकडी साच्यात खाणीची भुकटी भरायची, त्यात हे विरजण कालवायचं, आणि रोज दोन वेळा वरून खाणं घालायचं. जंतू वाढतात, कणाकणाच्या मधे चुनखडी भरतात, कण कणाला धरतो. एकवीस दिवसांत भिंत उभी. भट्टी नको, सिमेंट नको.

"आणि मग त्या जंतूचं काय होतं?" यल्लव्वानं विचारलं.

"स्वतःच केलेल्या दगडात अडकून मरतो, मावशी. ते मेले की भिंत पक्की झाली म्हणायची."

यल्लव्वाचा नवरा खाणीपायीच गेला होता, छातीत भुकटी भरून. शेवटच्या वर्षी तो श्वास घेई तेव्हा खडीची चाळण हलवल्यासारखा आवाज येई. त्याच भुकटीचे डोंगर बंद खाणीशी अजून पडून होते, कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं.

"म्हणजे आमच्यासारखाच की तो," ती म्हणाली. "दुसऱ्याचं घर बांधता बांधता मरणारा."

"दुसऱ्याचं नाही. या वेळी तुमचं," रेश्मा म्हणाली.

त्या एका वाक्यावर निवारा मंडळ उभं राहिलं. म्हेत्रेअण्णा अध्यक्ष झाले. पूर्वी पॉवरलूमवर जॉबर होते, बिघडलेला माग आणि बिघडलेलं माणूस दोन्ही सारख्याच शांतपणे दुरुस्त करायचे. बंद गिरणीच्या मागचं मैदान सरकारकडून मिळालं, साठ घरांसाठी, एका अटीवर. दोन वर्षांनी मोजणी होईल. तोवर ज्या जागेवर घर पक्कं असेल त्याला तेव्हाच मालकीचा पट्टा. जिथं भिंत वाढती असेल, म्हणजे जंतू जिवंत असतील, त्यांची वाढतं घर म्हणून नोंद होईल, पट्टा दुसऱ्या तपासणीनंतर. आणि ज्याच्या नावावर ना पक्की भिंत ना जिवंत विरजण, त्याची जागा परत.

पहिली तीन घरं कॉलेजातल्या विरजणावर झाली. चौथं फसलं. ते जंतू काचेच्या भांड्यात आयतं खाऊन असे आळसावले होते की चुनखडी धरायचंच विसरले. तेव्हा बायकांनी कारभार हातात घेतला. तिसऱ्या घराच्या ओल्या भिंतीच्या पोटातून गोळा काढला, गाडग्यात घातला, ओल्या पंच्यात गुंडाळून सावलीत टांगला, आणि त्यावर पुढचं घर लावलं. ते उभं राहिलं. मग रीतच पडली: आपली भिंत अठरा-वीस दिवसांची झाली, की पक्की व्हायच्या आत पोटातला गोळा काढून पुढच्या घराला द्यायचा. दही जसं आळीत फिरतं तसं हे विरजण घरोघर फिरलं. इथल्या मातीला, इथल्या खारट पाण्याला, इथल्या सत्तेचाळीस अंशांच्या उन्हाला ते असं सरावलं की रेश्मा म्हणे, "मावशी, आता हे माझं राहिलं नाही. तुमच्या वस्तीचं झालं. परत कॉलेजात बनवायला सांगाल तर मला बनवता येणार नाही."

जिवंत आहे की नाही बघायला तिनं पिवळ्या कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या. पट्टी विरजणात बुडवायची. गुलाबी झाली तर जंतू जागे. पिवळीच राहिली तर संपलं.

अशी चाळीस घरं झाली. एक्केचाळिसावं यल्लव्वाचं.

आणि बेचाळिसावं तुळसाचं.

तुळसा तिची धाकटी जाऊ. दोघी विधवा, दोघींची मुलं पुण्याकडं पोटाला गेलेली. दोघींची पालं पुलाखाली एकमेकींपासून दहा हातांवर, आणि चौदा वर्षांत दोघींत एक अक्षर बोलणं नाही. कारण सांगायचं तर घरच. तेही असं घर, जे कधी झालंच नाही.

चौदा वर्षांपूर्वी पुलाखाली कुणी यादीवाला आला होता. बेघरांना घरं मिळणार म्हणून नावं लिहून घेत होता. यल्लव्वा तेव्हा दवाखान्यात, नवऱ्याच्या उशाशी. परत आली तर यादीत तुळसाच्या नवऱ्याचं नाव, आणि यल्लव्वाच्या नवऱ्याचं नाहीच. थोरला भाऊ असून नाही! यल्लव्वानं एका शब्दानं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी सामाईक चुलीवरचं आपलं पातेलं उचललं, दहा हातांवर तीन दगड मांडले आणि वेगळी चूल पेटवली. ती यादी पुढं कुठं गेली कुणास ठाऊक, घर तुळसालाही मिळालं नाही. पण चूल वेगळी झाली ती झाली.

घरांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला होता. एक्केचाळीस आणि बेचाळीस शेजारीशेजारी निघाले तेव्हा म्हेत्रेअण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"यल्लव्वाक्का, बदलायचं का?"

"कशाला बदलायचं? मी काय भिते का तिला?"

भीत नव्हती. फक्त आपल्या भिंतीच्या पूर्व अंगाला ती कधी गेली नाही, कारण तिकडून तुळसाची जागा सुरू होत होती. बाकी तीन भिंतींना ती आतून बाहेरून खाणं घाली, हात फिरवी, बोलेसुद्धा. पूर्वेच्या भिंतीला फक्त आतून. एकोणीस दिवस झाले, घर उभं राहिलं, आणि विरजण द्यायची वेळ आली.

आदल्याच आठवड्यात मंडळाचं राखीव गाडगं नासलं होतं. दुसराच कुठला जंतू शिरला, नाकाला पदर लावल्याशिवाय जवळ जाववेना. म्हणजे साऱ्या वस्तीत जिवंत विरजण उरलं होतं ते यल्लव्वाच्या भिंतीच्या पोटात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. यल्लव्वालाही ठाऊक होतं.

एप्रिलचे दिवस. अकराला उष्म्याचा भोंगा होई, पूर्वी गिरणीचा होई तसाच, पण हा कामाला बोलवायचा नाही, कामावरून हाकलायचा. पाचला दुसरा भोंगा झाला की मगच उघड्यावर काम करायचं. त्या दिवशी भोंग्यानंतर तुळसानं आपला साचा ठोकून घेतला, भुकटी चाळली, पाण्याची पिंपं भरली, आणि हे सगळं उरकेपर्यंत दिवेलागण झाली. नवं कोरं गाडगं घेऊन ती यल्लव्वाच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. बोलली नाही. गाडगं पुढं केलं.

यल्लव्वानं नुकता दिवा लावला होता. ती तुळसाशी बोलली नाही, दिव्याशी बोलली.

"दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. ज्याला रीत म्हाईत न्हाई त्यानं सकाळी यावं."

तुळसाच्या हातातलं गाडगं किंचित खाली आलं. मग ती वळून गेली.

रीत खरी होती. यल्लव्वाच्या आईनं पाळली, सासूनं पाळली. तिन्हीसांजेला विरजण, मीठ, सुई बाहेर जाऊ द्यायची नाही, घरातली बरकत जाते. पण एकोणीस दिवसांपूर्वी चाळिसाव्या घरातल्या हसीनानं यल्लव्वाला विरजण दिलं होतं, तेव्हा साऱ्या वस्तीत दिवे लागून तास झाला होता. यल्लव्वानं दोन्ही हात पुढं करून घेतलं होतं. तेव्हा तिला रीत आठवली नव्हती.

सकाळी तिनं स्वतःच सळी घेतली आणि ठरल्या जागी, भिंतीच्या पोटात खुपसली.

सळी आत गेली नाही. ठण्ण वाजली.

तिनं दुसऱ्या भिंतीला लावली. ठण्ण. तिसरीला. ठण्ण. चाळीस वर्षं तिनं हा आवाज कानानं ओळखला होता, खोटं कसं सांगणार स्वतःला? भिंती पक्क्या झाल्या होत्या. एकविसाव्या दिवशी व्हायच्या त्या विसाव्याच्या पहाटे. आठवडाभराच्या उन्हानं चुनखडी दुप्पट वेगानं धरली होती, आणि आतले सगळे जंतू आपल्याच दगडात झोपी गेले होते.

खरवडलेल्या भुकटीत तिनं पट्टी बुडवली. पिवळी. पुन्हा बुडवली. पिवळीच.

तासाभरात मैदानात माणसं जमली. रेश्मा स्कूटरवरून धावत आली, तिनं आणलेल्या यंत्राच्या डोळ्यानं चारही भिंती तपासल्या, आणि मग खालीच बसली.

"संपलं, मावशी."

"कॉलेजातलं हाय की तुझ्याकडं."

"आहे. पण ते इथं जगणार नाही, चुनखडी धरणार नाही. सरावायला वर्ष जाईल. मोजणी चार दिवसांवर आहे."

म्हेत्रेअण्णा हिशोबाचे पक्के, पण त्या दिवशी त्यांनी आकडा उच्चारायला वेळ घेतला. "बेचाळीस ते साठ. एकोणीस घरं."

कुणी यल्लव्वाला बोललं नाही, हे त्यातलं वाईट. कुणी शिव्या दिल्या असत्या तर तिनं उलट चार दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. त्रेचाळिसाव्या घराची पोरसवदा बाळंतीण, लेकरू पदराखाली घेऊन, नुसती तिच्या पक्क्या भिंतीकडं बघत राहिली. एकटी हसीना पुटपुटली, "मला मेलीला रात्री द्यायला काही वाटलं नव्हतं."

तुळसा मागं उभी होती. तिचं नवं गाडगं तिच्या साच्याच्या कडेवर उपडं ठेवलेलं होतं.

यल्लव्वा त्या दिवशी जेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर पक्कं छत, चार भिंती, आत सावली अशी की बाहेरच्या उन्हाचं नाव नको. पुलाखाली तिनं पंधरा वर्षं हीच सावली मागितली होती. आणि आता त्या सावलीत बसवेना. ती उठे, भिंतीला कान लावी, बोटाच्या पेरानं वाजवी, पुन्हा बसे. ठण्ण. ठण्ण. जिथं तिनं लाडानं खाणं घातलं होतं तिथं भिंत सगळ्यात आधी मेली होती.

संध्याकाळी ती पूर्वेच्या भिंतीशी आली. वरून वाजवत वाजवत खाली आली, आणि अगदी जमिनीलगत, कोपऱ्यात, आवाज बदलला.

ठप्प.

तिनं पुन्हा वाजवलं. ठप्प. ओल्या दगडाचा आवाज. बाहेरचा पापुद्रा पक्का, आतला पक्का, पण मधे, दीड वीत खोल, अजून काहीतरी ओलं होतं. यल्लव्वा तिथंच फतकल मारून बसली. तिला कळलं, आणि कळल्यावर कानशिलं तापली. या भिंतीला बाहेरून खाणं घातलंच नव्हतं. तुळसाच्या जागेत पाय ठेवावा लागतो म्हणून. सगळ्या घरात हाच एक कोपरा अर्धपोटी राहिला होता, म्हणून मागं पडला होता, आणि मागं पडला म्हणून जिवंत होता.

तिच्या घरात जीव उरला होता तो तिच्या दुष्टाव्याच्या जागी.

पहाटे तिनं रेश्माला आणि अण्णांना बोलावून कोपरा दाखवला. रेश्माच्या यंत्राला तिथं काही दिसलं नव्हतं. यल्लव्वानं तिला कान लावायला लावला.

"असेल, मावशी. असू शकेल. पण ड्रिल लावता येणार नाही. ड्रिलनं दगड तापतो, मूठभर ओल असेल ती आधी सुकेल. जंतू मरतील."

"ड्रिल मागतंय कोण?"

अण्णांनी कोपऱ्याकडं बघितलं, वर छताकडं बघितलं. "अक्का, हा भाराचा कोपरा. फोडलात आणि तडा वर गेला, तर भिंत जाईल. तुमचं घर पक्कं म्हणून लिहिलंय. परवा-तेरवा मोजणीवाल्यांनी पडकी भिंत बघितली तर ना पक्कं, ना वाढतं. आणि आत काही निघालंच नाही तर?"

"तर मी पुलाखाली जाते की परत. वाट काय मला म्हाईत न्हाई?"

असं म्हणून तिनं पालातून गुंडाळून आणलेलं फडकं सोडलं. आत घण होता आणि तीन छिन्न्या. खाण बंद झाल्यापासून तिनं त्यांना हात लावला नव्हता, विकल्याही नव्हत्या.

ती पूर्वेच्या अंगाला गेली. एकवीस दिवसांत पहिल्यांदा तिनं तुळसाच्या जागेत पाय ठेवला. कोपऱ्याशी बसली, डाव्या हातात छिन्नी धरली, उजव्यानं घण उचलला. आणि तिच्या लक्षात आलं की हे एकटीचं काम नव्हे. कोपरा जमिनीलगत, गुडघा वाकेना, एका हातानं घण पेलेना. छिन्नी धरणारं माणूस वेगळं लागतं आणि मारणारं वेगळं. खाणीवर ती मारायची. धरायचं कोण, तर तुळसा. पंचवीस वर्षं तुळसानं छिन्नी धरली, यल्लव्वानं घण मारला, आणि एकदाही तुळसाच्या बोटाला ओरखडा आला नाही.

तिनं दोनदा प्रयत्न केला. छिन्नी निसटली.

मग शेजारी कुणीतरी उकिडवं बसलं. काळवंडलेली दोन हातांची बोटं पुढं आली आणि छिन्नी धरून सरळ केली.

"तोंडाला पदर बांध," तुळसा म्हणाली. "कच उडंल."

चौदा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, तर ते असं. यल्लव्वानं निमूट पदर बांधला. घण उचलला. छिन्नीवर टेकवून दोनदा नेम बघितला, तरी खात्री होईना. तुळसाला ते दिसत असणार, पण तिनं बोटं मागं घेतली नाहीत.

"मार की. का आता हे बी सकाळी यावं म्हणतीस?"

यल्लव्वानं मारला.

पहिल्या चार घावांत हात सुधारला. घाव, छिन्नी जरा फिरव, घाव, फिरव. अण्णा वर तड्यावर नजर ठेवून उभे. रेश्मा गुडघ्यांवर बसून, हातात निर्जंतुक केलेलं भांडं. बाकी वस्ती अंतरावर, लेकरं कडेवर घेऊन. उन्हं चढत होती, अकराचा भोंगा व्हायचा होता.

"त्या यादीवाल्यानं काय विचारलं म्हाईत हाय तुला?" तुळसा छिन्नीकडं बघत म्हणाली.

यल्लव्वानं घण मारला.

"तू कधी इचारलंच न्हाईस. तो म्हणाला, इथं चुली किती?" छिन्नी फिरली. "मी म्हणाले, एक."

घण वर गेला, आणि वरच राहिला.

"एकच हुती की तवा. तुझी-माझी एकच चूल हुती. मी काय खोटं बोलले? मला वाटलं, एक चूल म्हटलं की सगळ्यांचं नाव आलं. तो म्हणाला, एका चुलीला एक नाव. माझा नवरा समोर बसला हुता, त्याचं लिहिलं. मी म्हटलं, यल्लव्वाक्का दवाखान्यातनं आली की सांगते, हसंल ती. आणि तू आलीस ती पातेलंच घेऊन गेलीस."

यल्लव्वाच्या तोंडाला पदर होता हे बरं होतं.

"मग सांगायला काय झालं तुला? तोंड शिवलं हुतं का?"

"तू दगड मांडत हुतीस. तीन दगड. दहा हातांवर." तुळसानं छिन्नी आणखी घट्ट धरली. "मला बी राग हाय की, अक्का. तुलाच देवानं दिलाय का राग?"

घण खाली आला, पण हळू, बायकोनं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण टाकावं तसा. पापुद्रा सुटला. मधून वाटीएवढा काळपट, ओला गोळा दिसला. त्याला पावसाळ्यात गोठ्याला येतो तसला उग्र वास होता. रेश्मा ओरडलीच, "हाच वास, मावशी, हाच!"

वर भिंतीला हातभर तडा गेला होता. कुणाचं त्याकडं लक्ष नव्हतं.

गोळा तुळसाच्या गाडग्यात गेला. युरिया, चुन्याचं पाणी, जरासं गुळाचं पाणी. रेश्मानं पट्टी बुडवली. 

पिवळी.

"थोडेच असतील," रेश्मा म्हणाली, पण ती स्वतःलाच समजावत होती. "उपाशी आहेत, वाढायला वेळ लागेल. गाडगं गार ठेवा. दिवसाला तीनदा खाणं. आणि कुणी घाई करून ढवळू नका."

गाडगं पंच्यात गुंडाळून यल्लव्वाच्या घरात टांगलं. तुळसाला तिथंच राहणं भाग पडलं, पंचा ओला ठेवायला दोन माणसं लागतात असं यल्लव्वानं जाहीर केलं. एक माणूस पुरलं असतं. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दोघींनी एका ताटात खाल्ली, आणि ताटावरून भांडल्यासुद्धा.

"चटणीत लसूण जास्त हाय," तुळसा कुरकुरली.

"चौदा वर्षं कमी खाल्लास, आता भरून काढ."

दुसऱ्या दिवशी पट्टी पिवळी. तिसऱ्या दिवशी सकाळी पिवळी, संध्याकाळी अशी की रेश्मा म्हणाली गुलाबी आणि हसीना म्हणाली तुझ्या डोळ्यांना उन्हानं झापड आली. मैदानातली माणसं एकेक करून येत, गाडग्याकडं बघून जात, जसं घरात नवं लेकरू आल्यावर येतात. त्रेचाळिसाव्या घरची बाळंतीण आली तेव्हा यल्लव्वानं तिचं लेकरू मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "शिव्या द्यायच्या असतील तर आत्ता दे. नंतर ऐकून घेणार न्हाई."

पोरगी म्हणाली, "लेकराला झोप लागली हाय, आज्जी. मग देते."

मोजणीच्या सकाळी बाई आल्या, हातात टॅब, डोक्यावर टोपी. पक्की चाळीस घरं झरझर झाली. एक्केचाळिसाशी येऊन त्या थांबल्या. कोपऱ्यात भगदाड, वर हातभर तडा.

"हे पक्कं लिहिलंय. हे पक्कं नाही."

"न्हाई," यल्लव्वा म्हणाली.

"कुणी फोडलं?"

"मी. आणि ही धरून बसली हुती, हिचं बी नाव लिहा."

रेश्मानं गाडगं खाली उतरवलं. एक पट्टी मोजणीच्या बाईंच्या हातात दिली, म्हणजे कुणाला शंका नको. बाईंनी ती बुडवली, वर काढली.

पट्टी आधी नारिंगी झाली. मग कडेपासून, जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखी, गुलाबी होत गेली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. हसीनानं मात्र ओरडून सांगितलं, "बघा बाई, डोळे माझेच चांगले, काल पिवळीच होती!"

भगदाडात मूठभर विरजण भरलं होतं, तिथली पट्टीही गुलाबी आली. एकोणीस साच्यांत मोजणीपुरतं चिमूटचिमूट घातलेलं, तेही गुलाबी; भिंत उभी करण्याइतकं मात्र एकट्या तुळसाच्या साच्यापुरतंच होतं. बाईंनी एक्केचाळिसाव्या घरापुढचं 'पक्कं' खोडलं आणि 'वाढतं' लिहिलं.

"पट्टा मिळायला सहा महिने उशीर होईल, आजी. पक्कं असतं तर आज मिळाला असता."

"पंधरा वर्षं पुलाखाली काढली, सहा महिने काय मला जड हायत?"

बाईंनी टॅबवर पुढचा रकाना उघडला. "एक्केचाळीस आणि बेचाळीस एकाच आडनावाची. एकच कुटुंब का? इथं चुली किती?"

तुळसा तोंड उघडणार, तोच यल्लव्वानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"दोन," यल्लव्वा ठणकावून म्हणाली. "एक माझी, एक हिची. दोन चुली, दोन नावं, दोन घरं. नीट लिहा, वाचून दाखवा." बाईंनी वाचून दाखवलं. यल्लव्वानं मान हलवली आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "जेवतो आम्ही एकत्रच. ते कागदावर लिहू नका."

पुढं अठरा दिवसांनी तुळसाची भिंत विरजण द्यायला आली. यल्लव्वा रोज दोन्ही अंगांनी खाणं घाली, आता पूर्वेला पश्चिम म्हणायची आणि पश्चिमेला पूर्व, कारण तिच्या पूर्वेला तुळसाची पश्चिम लागत होती आणि आपलं-तुपलं तिला लक्षातच राहीना. त्या दिवशी पाचच्या भोंग्यानंतर त्रेचाळिसाव्या घरची पोरगी साचा भरत बसली, मधे लेकरू रडलं, त्याला पाजलं, झोपवलं, आणि गाडगं घेऊन तुळसाच्या दाराशी येईतो वस्तीत एकेक दिवा लागत होता.

पोरगी उंबऱ्याबाहेरच थांबली. "तुळसाआज्जी, उशीर झाला. सकाळी येऊ का?"

तुळसानं सळी हातात घेतली होती. तिनं यल्लव्वाकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" यल्लव्वा खेकसली. "दे की तिला. आणि आधी दिवा लाव, मोठा लाव. अंधारात गोळा नीट दिसायचा न्हाई."